नुसतं बघितलं होतं

आमच्या कारखान्यात पाय बनायचे. गुडघ्याखालचे, गुडघ्यावरचे, कधीमधी एखादा हातही. पण मुख्य काम पायांचंच. मी तिथे पट्टे शिवायला होतो. पाय मांडीला नाहीतर कमरेला धरून ठेवतात ते चामड्याचे पट्टे. माझ्या टेबलासमोर काचेची भिंत होती आणि काचेपलीकडे मापबाईंची खोली. त्यामुळे मी सांगतोय त्यातलं निम्मं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, आणि निम्मं बाईंनी नंतर स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं.

मापबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव हजेरीपटाखेरीज कुठेच वापरात नव्हतं. बाविसाव्या वर्षी त्या आल्या त्या प्लास्टर कालवायला. अंगाने किडकिडीत, आवाज मात्र खणखणीत. तेव्हा सगळं हातानेच चालायचं. पाय कापल्यावर जो भाग उरतो त्याच्याभोवती ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळायच्या, वाळल्या की तो साचा काढायचा, त्यात पुन्हा प्लास्टर ओतायचं आणि मग कानस घेऊन तासत बसायचं. कुठे हाड टोचतं तिथे थोडी जागा सोडायची, कुठे मांस दाब सोसेल तिथे दाबायचं. त्यावरून पायाचा वरचा पेला बनतो, ज्यात माणूस आपला उरलेला पाय घालतो. त्याला आम्ही सॉकेट म्हणायचो. सॉकेट बसलं तर पाय आपला, नाही बसलं तर ते नुसतं लाकूड. बाईंना हे सगळं शिकवलं ते प्लास्टरवाल्या मास्तरांनी, आणि मास्तर कधी कुणाचं कौतुक करत नसत. बाईंच्या तिसऱ्या वर्षी ते एवढंच म्हणाले होते, "हिच्या बोटांना दिसतं."

पुढे कोरणी आली. कपाटाएवढं यंत्र. आत फोमचा ठोकळा लावला की गरागरा फिरवून त्याला पायाचा आकार द्यायचं. आकार सांगायला शेजारी एक संगणक. उरलेल्या पायाभोवती मोजमापाची कांडी फिरवली की पडद्यावर पाय उमटायचा. तो तिथेच तासायचा, फुगवायचा, दाबायचा आणि फाइल करून ठेवायचा. मास्तरांनी पहिल्याच दिवशी हात वर केले. म्हणाले, "एवढ्याशा कळांवर माझी बोटं बसत नाहीत." बाकीच्यांनीही काढता पाय घेतला. बाईंनी मात्र खुर्ची ओढली आणि बसल्या. संगणकाचा त्यांना गंध नव्हता. एका वहीत त्या प्रत्येक पडद्याचं चित्र काढायच्या आणि कुठली कळ दाबली की काय होतं ते बाणाने दाखवायच्या. सहा महिन्यांत वहीची गरज संपली.

त्या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली होती. कोरणी बनवणारी कंपनी मधल्या काळात बंद पडली. कोरणीला हुकूम देणारं जे कार्ड संगणकात होतं, ते जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवरच चालायचं. नवी आवृत्ती घातली की कार्ड मुकं. म्हणून जगात कितीही आवृत्त्या आल्या तरी आमचा तो पिवळट पडलेला खोका तसाच राहिला. बाहेरच्या जगाशी त्याची तार जोडलेली नव्हती. त्याची हार्ड डिस्क एका सरकत्या खणात होती, किल्ली फिरवली की बाहेर यायची. त्या डिस्कवर एकोणीस वर्षांतले दोन हजारांवर पाय होते.

दर तीन महिन्यांनी बाई त्या सगळ्याची नक्कल सीडीच्या तबकड्यांवर काढून कपाटात ठेवायच्या. पण तबकड्या लिहिणारा भाग बंद पडला, आणि तसा भाग आता कुठे मिळेना. बाईंनी कचेरीत तीनदा अर्ज दिला. चौदा महिने गेले. शेवटी साहेबांनी नवा संगणक मागवला, आणि त्याच्याबरोबर एक नवी इंजिनियरही आली.

साहेब म्हणजे आमचे व्यवस्थापक. माणूस वाईट नव्हे, पण काही बिघडलं की आधी कोणी बिघडवलं ते विचारायचे आणि मग काय बिघडलं ते.

इंजिनियर पोरगी सव्वीस वर्षांची. चालायची भराभर, बोलायची त्याहून भराभर. मला दादा म्हणायची, बाईंना ताई. पहिल्याच दिवशी जुन्या संगणकासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ताई, हा डबा अजून चालतो?"

"तुझ्यापेक्षा लहान आहे गं तो," बाई म्हणाल्या. "आणि अजून एकदाही रजा घेतलेली नाही."

दोघींचं जमलं. पोरीला यंत्रांचं कळायचं, पण पायांचं काही ठाऊक नव्हतं, आणि ते तिने लपवलं नाही. बाई तिला पडद्यावरचे पाय दाखवायच्या. "ही बघ, या बाईंचं हाड इथे पुढे आलंय. हा माणूस दिवसभर उभा असतो, म्हणून याला संध्याकाळची सूज धरून जागा सोडलीय." पोरगी तोंड उघडं टाकून ऐकत बसायची.

एका सोमवारी दुपारी ती बाईंच्या दारात आली. बाई एका माणसाच्या पायाला प्लास्टर गुंडाळत होत्या; अवघड पायाचा साचा त्या अजून हातानेच घ्यायच्या.

"ताई, जुनी डिस्क जरा नेते. नव्यावर लावून बघते, किती जागा लागेल ते. मग उद्या सगळी नक्कल करून टाकू."

बाईंनी मान हलवली. हे मी काचेतून पाहिलेलं आहे.

तासाभराने पोरीने डिस्क परत आणून खणात सरकवली, किल्ली फिरवली, जुना संगणक चालू करून दिला आणि जेवायला गेली. तोवर बाईंसमोर दुसरा माणूस बसला होता आणि त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत प्लास्टरने माखले होते. पडदा निळा झाला. त्यावर पांढरी अक्षरं आली: डिस्कची तपासणी करायला हवी आहे, नको असेल तर दहा सेकंदांच्या आत कुठलीही कळ दाबा. मग आकडे उतरू लागले. नऊ. आठ. सात.

हा निळा पडदा बाईंच्या ओळखीचा होता. वीज गेली आणि संगणक धाडकन बंद पडला की पुढच्या वेळी तो दिसायचाच. एकोणीस वर्षांत चाळीसेक वेळा तरी. दरवेळी तपासणी व्हायची, पाचदहा मिनिटं लागायची आणि सगळं ठीकठाक होऊन संगणक सुरू व्हायचा. बाईंनी आकडे शून्यावर जाऊ दिले.

यावेळी मात्र ओळी थांबेनात. 'अनाथ नोंद काढून टाकली.' 'अनाथ नोंद काढून टाकली.' पडदा भरून वर सरकत राहिला. बाईंचं एक लक्ष पडद्यावर, एक हातातल्या पायावर. प्लास्टर धरायला लागलं होतं, हात काढता येत नव्हता. नंतर कधीतरी त्या मला म्हणाल्या, "हात भरलेले होते हे खरं. पण कोपर मोकळं होतं हो. कोपराने दाबता आली असती कळ."

ओळी थांबल्या. संगणक सुरू झाला. नावांची यादी उघडली, नेहमीसारखीच दिसली. बाईंनी हात धुतले आणि कुणाला काही बोलल्या नाहीत, कारण बोलण्यासारखं काही घडलंय असं त्यांना अजून वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टमन आला.

हे आमचं जुनं गिऱ्हाईक. डावा पाय गुडघ्याखाली नाही, तरी सोळा वर्षं पायी टपाल वाटतो. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. त्याच्या पायाच्या टोकाशी एक हाड वाकडं वाढलेलं होतं, त्यामुळे सॉकेट काही केल्या बसत नसे. वर्षभरापूर्वी बाईंनी अकरा वेळा आकार बदलून बदलून शेवटी एक असं बसवलं होतं की पठ्ठ्या खोलीतच गोल गोल चालत सुटला. त्याच सॉकेटला आता चीर गेली होती.

"बाई, नवा पाय द्या," तो बाकावर बसत म्हणाला, "पण जुनाच द्या."

"तुमचा तयारच आहे. कोरणीत ठोकळा लावायचा अवकाश."

बाईंनी यादीत नाव शोधलं, फाइल उघडली. पडद्यावर पाय नव्हता. बोळा करून फेकलेल्या कागदासारखं काहीतरी होतं. बाईंनी ती बंद केली, पुन्हा उघडली. तेच. शेजारची उघडली, ती रिकामी. त्याच्या खालची उघडायलाच तयार नाही. काचेपलीकडून मला त्यांचा चेहरा दिसत होता. मी हातातला दाभण खाली ठेवला.

दुपारपर्यंत कळलं ते असं. दोनशेतेरा पाय बिघडले होते. त्यातले एकशेचाळीस जुन्या तबकड्यांवर सापडले. त्र्याहत्तर कुठेच नव्हते. हे सगळे गेल्या चौदा महिन्यांतले, आणि पोस्टमनचा त्यातच.

साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. केबिन लहान, मी दारात उभा.

"ती डिस्क नव्या संगणकाला कोणी लावली?"

"मी," पोरगी म्हणाली. "पण मी नुसतं बघितलं, सर. काही लिहिलं नाही, पुसलं नाही. संगणक नीट बंद केला आणि मगच डिस्क काढली."

"नुसतं बघितल्याने काही बिघडतं का?"

"नाही बिघडायला पाहिजे."

"मग?"

साहेब बाईंकडे वळले. "तुम्ही काही केलंत?"

"मी नेहमीसारखंच केलं," बाई म्हणाल्या.

यात खोटं एक अक्षर नव्हतं. पण निळा पडदा, आकडे, त्या ओळी, यातलं काहीच त्यांनी सांगितलं नाही. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. सगळं खापर कुणाच्या डोक्यावर फुटणार ते आम्हा सगळ्यांना कळलं.

बाहेर आल्यावर पोरगी बाईंच्या मागे गेली. "ताई, मी खरंच—"

"बघायचंच होतं तर विचारून बघायचं होतंस," बाई तोडून म्हणाल्या. "माझ्या एकोणीस वर्षांना हात लावलास तू."

"मी विचारलं होतं, ताई." तिचा आवाज अगदी लहान झाला होता. "तुम्ही मान हलवलीत."

बाईंनी दार लावून घेतलं. मी सुईत दोरा ओवायला लागलो आणि तो काही ओवला जाईना. मी पाहिलं होतं की पोरीने विचारलं होतं. मीही बोललो नाही. ते अजून खातं मला.

संध्याकाळी घरी गेल्यावर बाई भाजी चिरायला बसल्या. समोर सासूबाई. या सासूबाई म्हणजे वेगळंच प्रकरण. तीस वर्षं टेलिफोन खात्यात कानाला यंत्र लावून दुसऱ्यांचे फोन जोडून देत होत्या. आता डोळे अधू झालेले, पण कान अजून शाबूत. सुरीचा आवाज ऐकूनच म्हणाल्या, "आज भाजीचा काय अपराध झालाय?"

बाईंनी सांगितलं. सगळं नाही, आधी केबिनपर्यंतचंच. सासूबाईंनी ऐकून घेतलं.

"पोरगी खोटं बोलतेय असं वाटतंय तुला?"

बाईंची सुरी थांबली.

"म्हणजे नाही वाटत." मग म्हणाल्या, "आणि तुझ्या पोटात काय आहे?"

तेव्हा बाईंनी निळ्या पडद्याचं सांगितलं. त्या ओळींनी काही झालं असेल की नाही ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण सोमवारी त्या ओळी बघताना क्षणभर शंका आली होती आणि तरी त्यांनी त्या चालू राहू दिल्या होत्या, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

सासूबाई म्हणाल्या, "मी दिवसाला तीन-चारशे फोन जोडायचे. दोनपाच चुकीचे लागायचेच. काही पोरी म्हणायच्या, लाइन खराब आहे. मी म्हणायचे, माफ करा, माझ्याकडून चुकीचा लागला. अर्ध्या मिनिटाचा अपमान. पुढे दिवस मोकळा."

"हे अर्ध्या मिनिटाचं नाही हो आई."

"मग लवकर सुरू कर."

बुधवारी बाई सांगायचं ठरवूनच आल्या होत्या. पण येऊन बघतात तर पोरीने त्यांच्या खोलीत ठाण मांडलेलं. तिने साहेबांकडून दोन दिवस मागून घेतले होते. कपाटातली एक जुनी, न वापरलेली डिस्क काढून तिने जुन्या संगणकावर तयार केली होती आणि तबकडीवरचे शंभर पाय तिच्यावर उतरवले होते.

"सोमवारी जे केलं तेच पुन्हा करणार आहे," ती बाईंकडे न बघता म्हणाली. "तसंच्या तसं."

तिने डिस्क नव्या संगणकाला लावली. यादी उघडली, जागा मोजली, संगणक बंद केला, दिवा विझेपर्यंत थांबली, डिस्क काढली, जुन्यात सरकवली. मी पट्टा हातात घेऊन त्यांच्या दारातच येऊन उभा राहिलो होतो.

पडदा निळा झाला. दहा. नऊ.

पोरगी दचकली. सोमवारी ती या वेळी जेवायला गेली होती. हा पडदा तिने कधी पाहिलाच नव्हता. "हे काय?" असं म्हणता म्हणता तिने कळ दाबली. आकडे थांबले. मग ती सावकाश वळली.

"ताई, सोमवारी हे आलं होतं?"

बाईंनी एक हात दुसऱ्या हातात धरला. "आलं होतं."

"मग?"

"मी चालू दिलं. बऱ्याच ओळी गेल्या. नोंदी काढून टाकल्या म्हणत होतं. मी बघितलं आणि थांबवलं नाही. आणि काल साहेबांसमोर सांगितलं नाही." त्या एका दमात बोलल्या आणि मग श्वास घेतला. "तू विचारलं होतंस. मी मान हलवली होती. तेही खरं आहे."

मला वाटलं पोरगी आता ओरडेल. तिचा तो हक्कच होता. तिचे डोळे भरून आले, ते तिने मनगटाने पुसले, आणि म्हणाली, "आधी हे शोधून काढू या का? मग मी तुमच्यावर चिडते."

दोघी दुपारपर्यंत हलल्या नाहीत. तीनदा तोच प्रयोग केला. पोरगी नव्या संगणकावर काही काही वाचत होती आणि मध्येच ओरडली, "बंद होतच नाही हा!"

मला जे समजलं ते सांगतो. डिस्कवर कुठली फाइल कुठे ठेवली आहे याची मांडणी असते, तिला फाइल सिस्टिम म्हणतात. आमच्या दोन्ही संगणकांत तिचं नाव एकच होतं. म्हणून सगळ्यांना वाटलं की भाषा एकच. पण नव्या आवृत्तीने त्या मांडणीतली एक रोजनिशी, म्हणजे आत काय काय हललं ते टिपायची जागा, आपल्या नव्या पद्धतीने लिहायला घेतली होती. डिस्क जोडल्या जोडल्या ती हे करायची, न विचारता. माणसाने नुसतं बघितलं तरी संगणक नुसतं बघत नव्हता. नीट बंद केला असता तर जाताना त्याने ती रोजनिशी पुन्हा जुन्या पद्धतीची करून ठेवली असती. पण नवी आवृत्ती 'बंद करा' म्हटल्यावर खरी बंद होत नव्हती. पुढच्या वेळी चटकन सुरू व्हावं म्हणून अर्धवट झोपायची, आणि डिस्कचा हिशेब डोक्यात घेऊनच झोपायची. डिस्क तशीच अर्ध्या वाक्यावर बाहेर यायची. जुन्या संगणकाने ती पाहिली, रोजनिशी कळेना, म्हणून त्याला वाटलं डिस्क बिघडली आहे. तो दुरुस्त करायला बसला. जे कळलं नाही ते त्याने अनाथ ठरवलं आणि काढून टाकलं.

पोरीने नव्या संगणकातली ती अर्धझोपेची सोय काढून टाकली, डिस्क लावली, बघितली, बंद केला, काढली. जुन्याने निळा पडदा दाखवलाच नाही. शंभरच्या शंभर पाय उघडले.

"म्हणजे तू बंद केला होतास," बाई म्हणाल्या.

"मी बंद केला होता. तो झाला नव्हता."

मग पोरगी खरंच चिडली. "ताई, काल दिवसभर मला वाटत होतं की मलाच आठवत नाहीये, मीच काहीतरी पुसलं असणार. घरी आईला सांगितलं की माझी नोकरी गेली. तुम्ही एक वाक्य बोलला असता तर मला काल दुपारीच हे सापडलं असतं."

बाईंनी मान खाली घातली नाही. तिच्याकडे बघत ऐकून घेतलं. "हो," म्हणाल्या. "मी चुकले. आता चल, साहेबांकडे जाऊ. तू बोलू नकोस, मी बोलते."

केबिनमध्ये साहेबांनी सगळं ऐकलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग दोष कुणाचा धरायचा?"

"निळ्या पडद्याचा माझा," बाई म्हणाल्या. "आणि लपवण्याचाही माझाच. हिचा नाही. वहीतलं तेवढं खोडा."

पोरगी हळूच म्हणाली, "सर, नव्या संगणकाने विचारलंच नाही. आणि जुन्याने विचारलं, पण दहाच सेकंद."

साहेबांनी वही उघडली आणि ओळ खोडली. मग म्हणाले की चौदा महिने अर्ज माझ्याच टेबलावर होता. त्यांच्या तोंडून असलं काही मी पहिल्यांदाच ऐकलं.

हे सगळं झालं तरी पोस्टमनचा पाय काही परत आला नाही. तो चिरलेल्या सॉकेटवर चिकटपट्टी गुंडाळून टपाल वाटत होता. बाईंनी त्याला गुरुवारी बोलावलं. मोजमापाची कांडी उचलली, आणि परत ठेवून दिली. "आपण जुन्या रस्त्याने जाऊ या," म्हणाल्या, आणि प्लास्टर कालवायला घेतलं. साचे गुंडाळणं त्यांनी कधी सोडलं नव्हतं, पण भरीव प्लास्टर कानशीने तासून आकार देणं मात्र पंधरा वर्षं झाली होती, केलं नव्हतं. पहिलं सॉकेट टोचलं. दुसरं त्याहून वाईट. पोस्टमन कण्हतही नसे, फक्त जास्त विनोद करायला लागायचा, आणि त्यावरून बाईंना कळायचं की दुखतंय.

"अकरा प्रयत्न लागले होते मागे," बाई वैतागून म्हणाल्या.

"घाई कशाला? मला दोन वर्षं आहेत."

तिसऱ्या वेळी बाईंनी डोळे मिटले आणि दोन्ही अंगठे त्याच्या पायावर फिरवत बसल्या. पाच मिनिटं, दहा मिनिटं. पोरगी बाजूला उभी. मग बाई म्हणाल्या, "हाड हललंय. वर्षभरात थोडं बाहेरच्या अंगाला गेलंय. जुनी फाइल असती तरी बसलं नसतं हे." त्यांनी पोरीचा हात ओढून तिचा अंगठा तिथे ठेवला. "कळतंय?"

"नाही."

"पुन्हा बघ."

"...हो. हो, कळतंय."

ते सॉकेट बसलं. पोस्टमन उभा राहिला, दोन पावलं टाकली, वजन इकडून तिकडे केलं आणि काहीच विनोद केला नाही. टोपी घातली आणि कामावर गेला.

उरलेल्या बहात्तर माणसांना बाईंनी एकेक करून फोन केले. कचेरीतून पत्रं धाडायचं साहेब म्हणत होते, पण बाईंनी ऐकलं नाही. प्रत्येकाला त्या एकच सांगायच्या: "तुमच्या पायाचं माप आमच्या हातून गेलं आहे. पाय चांगला असेल तर घाई नाही, पण सवडीने या, पुन्हा घेऊ." काहीजण रागावले. एक जण म्हणाला, माझा पाय तुम्ही हरवलात म्हणजे हा दुसऱ्यांदा हरवला. बाईंनी फोन ठेवला आणि पुढचा नंबर लावला. चार महिन्यांत एकसष्ट जण येऊन गेले. दोघे या मधल्या काळात वारले होते, बाकीच्यांचा पत्ताच लागला नाही. जे आले त्यांतल्या निम्म्याहून अधिकांचे पाय बदललेले होते. कुणी बारीक झालं होतं, कुणाची सूज उतरली होती. पोरीने त्या प्रत्येकाचं माप बाईंच्या बरोबरीने घेतलं. आधी बाईंचे अंगठे, मग तिचे, आणि शेवटी कांडी.

डिस्क त्यानंतर खणातून कधी बाहेर काढली नाही. दोन्ही संगणकांना निर्विवाद कळेल अशा अगदी जुन्या, साध्या पद्धतीने तयार केलेली एक लहान डिस्क दोघांच्या मध्ये ठेवली. न्यायचं-आणायचं ते तिच्यावरून. बाईंनी निळ्या पडद्याचं चित्र हाताने काढून भिंतीवर लावलं आणि खाली लिहिलं, 'हे दिसलं की हातातलं टाकून कळ दाबा. कोपर चालेल.'

चार वर्षांनी कोरणीने राम म्हटला. आतलं दातेरी चाक तुटलं आणि तसं चाक कुठे मिळेना. नवं यंत्र आलं, नव्या आवृत्तीवर चालणारं. आता सगळे पाय जुन्यातून नव्यात न्यायचे होते. पोरीने, आता तिला पोरगी म्हणायचं वय राहिलं नव्हतं, पण मी म्हणतो, एक प्रोग्राम लिहिला आणि एका दुपारी सगळे पाय पलीकडे गेले. मोजणी जुळली. आकारमान जुळलं. ती म्हणाली, "झालं, ताई."

"उघडून बघितलेस?"

"बावीसशे आहेत."

"मग?"

बाईंच्या निवृत्तीला तेव्हा सात आठवडे होते. त्यातले पाच त्यांनी त्या खुर्चीवर काढले. एकेक पाय उघडायचा, पडद्यावर चारही बाजूंनी फिरवायचा, जुन्यातला शेजारी ठेवून बघायचा, आणि पुढचा. मधूनमधून त्या स्वतःशी काही बोलायच्या. "ही शाळेत शिकवायची." "याला कुत्रा चावला होता, लाकडी पायाला." मी काचेतून बघायचो. पोरगी वेळ मिळेल तशी शेजारी येऊन बसायची.

एका दुपारी बाई एका पायावर अडल्या. फाइलवरचं नाव सुरुवातीच्या काळातलं, तीन अक्षरांत तोडलेलं. पाय मांडीतून कापलेला, बारीक, बहुधा तरुण माणसाचा.

"कोण हे?" पोरीने विचारलं.

बाईंनी तो सावकाश फिरवला. एकदा, पुन्हा एकदा. "आठवत नाही गं."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

पोरगी म्हणाली, "इतकी जुनी आहे, आणि नाव पण नीट नाही. वगळायची का?"

"आकार बरोबर आहे ना?"

"आहे."

"मग राहू दे," बाई म्हणाल्या आणि पुढची फाइल उघडली.